विमानाचे पाय

वरळीच्या समुद्रकांठच्या कठड्याशीं हिवाळ्यांत सकाळीं उभें राहिलें असतां एक मौज पाहावयास मिळते. पाहुणे म्हणून आलेले कुरव पक्षी पाण्यावरून उठतात, चार-दोन वेळां पंख मारतात, आणि तेवढ्यांत त्यांचे पाय पिसांत कोठें नाहींसे होतात तें कळतही नाहीं. बगळ्याची तऱ्हा निराळी. त्याचे पाय लांब. ते पोटाशीं मावणारे नव्हेत. म्हणून तो ते मागें सरळ लांबवितो, जणूं शेपटीला बांधलेल्या दोन काड्या. पाय ही जमिनीवरची गरज. आकाशांत त्यांची अडगळ होते, आणि ही अडगळ कशी आवरावी हें पांखरांस कोणी शिकवावें लागत नाहीं. मनुष्यानें विमान केलें तेव्हां त्याला पंखांचें कोडें आधीं सुटलें. पायांचें पुष्कळ मागाहून.

मोठ्या विमानांनीं कुरवाची रीति उचलली. वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारांत मांडलेलें 'मरुत' नांवाचें लढाऊ विमान आमच्या बालवाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. कुर्ट टँक या जर्मन तज्ज्ञाच्या मार्गदर्शनाखालीं बंगलोरास तयार झालेलें हें विमान १९६१ सालीं पहिल्यानें उडालें. त्याचीं चाकें उड्डाणानंतर अंगांत ओढून घेतां येत. परंतु ही यंत्रणा जड, महाग, आणि तिची निगा राखणें हें एक स्वतंत्र कामच. दोन-चार माणसांच्या लहान विमानास ती बहुधा परवडत नाहीं. त्याचे पाय बाहेरच लोंबत राहतात. ते आंत घेतां येत नाहींत, बगळ्यासारखे मागें टाकतां येत नाहींत; तेव्हां निदान त्यांना असा पोषाख चढवावा कीं वाऱ्यास ते फारसे खुपूं नयेत. हा पोषाख कशाचा असतो व तो घरीं बांधलेल्या विमानास कसा चढवितात, हा आमचा आजचा विषय.

'घरीं बांधलेलें विमान' हे शब्द वाचून कांहीं जण हंसतील. घरीं पापड होतात, लोणचें होतें, फार तर शिलाईच्या यंत्रावर झबलीं-टोपडीं होतात, विमान कसलें? पण आपल्याच मुंबईंत तें झालेलें आहे. कांदिवलीच्या चारकोप भागांत एका राहत्या इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनीं सहा आसनांचें विमान बांधलें. यादव हे जेट एअरवेज या, आतां बंद पडलेल्या, कंपनीचे वैमानिक होते. खालीं १९ माणसांचें एकत्र कुटुंब नांदत आहे आणि वर, जेथें आपल्याकडे वाळवणें पडावयाचीं, तेथें पत्रे कापले जात आहेत, रिव्हेट ठोकले जात आहेत, हें चित्र एकत्र कुटुंबांत वाढलेल्या माणसाच्याच नीट डोळ्यांपुढें येईल. दुपारीं झोपणारीं वडील माणसें काय म्हणत असतील, हा आमच्या मनांत आलेला पहिला प्रश्न होता! हत्यारें, यंत्रें, एवढेंच काय, इंजिनही जिन्यानें वर नेलें. विमान पुरें झाल्यावर सुटें करून क्रेननें खालीं उतरविलें. २०१६ च्या फेब्रुवारींत वांद्रे-कुर्ला संकुलांतील 'मेक इन इंडिया' प्रदर्शनांत लोकांनीं तें पाहिलें. त्यापुढची सरकारी वाट गच्चीच्या जिन्याहूनही अरुंद निघाली. २०१७ च्या नोव्हेंबरांत विमानाची नोंदणी झाली, २०१९ च्या ऑक्टोबरांत उड्डाणाची परवानगी मिळाली, आणि २०२० सालीं धुळ्याच्या धावपट्टीवरून तें हवेंत उठलें.

अमेरिकेंत हा छंद जुना व रुळलेला. तेथें १९५३ सालीं अशा हौशी लोकांची संस्था निघाली. विमानाचें निम्म्याहून अधिक काम बांधणाऱ्यानें शिकण्यासाठीं वा करमणुकीसाठीं स्वतः केलें असलें, तर त्यास निराळ्या वर्गांत परवानगी देण्याची सोय तेथील कायद्यांत आहे. सुटे भाग पेटींतून घरीं येतात, आणि मग मोटार ठेवण्याच्या खोलींत वर्षानुवर्षें ठोकाठोकी चालते.

विमानाचा विषय निघाला कीं आम्हांस संस्कृताचे शिक्षक म्हणून एक प्रश्न हटकून विचारला जातो. तो असा कीं, १८९५ सालीं शिवकर बापूजी तळपदे यांनीं चौपाटीवर विमान उडविलें होतें, तें खरें ना? आमचें उत्तर असें. तळपदे हे खटपटी, विद्याव्यासंगी गृहस्थ होते यांत शंका नाहीं. त्यांचें विमान उडाल्याचा विश्वास ठेवण्याजोगा समकालीन पुरावा मात्र पुढें आलेला नाहीं. या कथेला जोडून ज्या 'वैमानिकशास्त्र' ग्रंथाचा दाखला देतात, तो विसाव्या शतकांत सुब्बराय शास्त्री यांनीं तोंडीं सांगून लिहविला. १९७४ सालीं बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधील पांच विद्वानांनीं तो तपासून, त्यांतील एकाही विमानाच्या अंगीं उडण्याचा गुण नाहीं असा निर्वाळा दिला. ग्रंथाची भाषाही अर्वाचीन आहे. संस्कृतावर आमचें प्रेम आहे म्हणूनच आम्ही हें स्पष्ट लिहितों. जी गोष्ट कोणी मोजून पाहिलेली नाहीं तिचा अभिमान मुलांस शिकविण्यांत आम्हांस पुरुषार्थ दिसत नाहीं. ज्यास विमानाचा अभिमान हवा असेल त्यानें चारकोपची गच्ची आठवावी.

आतां पोषाखाकडे वळूं. इंग्रज लोक चाकावरच्या या आवरणास 'स्पॅट' म्हणतात. पूर्वीं साहेबलोक बुटावर जें पांढरें कापडी आवरण चढवीत त्याचें हें नांव. अमेरिकन लोक त्यास सरळ चाकाची विजार म्हणतात. एकाला पायमोजा आठवला, दुसऱ्याला विजार! शास्त्रीय नांव 'फेअरिंग'. आम्ही येथें 'खोळ' म्हणूं; उशीची खोळ उशीचा आकार घेते आणि ही आपला आकार चाकावर लादते, एवढा फरक वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

खोळीचा आकार समजावयास वरळी कोळीवाड्यासारखी शाळा नाहीं. आम्ही मत्स्याहारी नसलों तरी पाट्यांत मांडलेला बांगडा रोज पाहतों. त्याचें तोंड बोथट गोल, सर्वांत जाड भाग पुढच्या अंगास, आणि तेथून शेपटीपर्यंत अंग हळूहळू निमुळतें होत जातें. सामान्य समजूत अशी कीं वेगानें जाणारी वस्तु पुढून टोंकदार हवी. बाणाचें टोंक पाहून ही समजूत झाली असावी. वास्तविक आपल्या नेहमींच्या विमानांच्या वेगांत वारा पुढें फुटणें हें फारसें कठीण काम नाहीं. फुटलेला वारा मागें नीट मिटविणें कठीण. गोल दांड्याच्या पाठीमागें तो मिटत नाहीं, भोंवऱ्यांत गरगरत राहतो, आणि हे भोंवरेच दांड्यास मागें ओढतात. तोच दांडा माशाच्या आकाराच्या खोळींत घातला तर जाडी तीच राहून हवेचा विरोध सुमारें एक-दशांशावर येतो. दांडा मोठा झाला, वजन वाढलें, तरी वारा कमी अडला. हें प्रथम ऐकणाऱ्यास उलटें वाटतें.

याचा हिशेब आमच्या जुन्या वर्गांतल्या मुलांना आम्हीं फळ्यावर घातला असता. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, आणि तो विरोध मोडून पुढें जाण्यास लागणारी शक्ति वेगाच्या घनाच्या प्रमाणांत. आतां समजा, ताशी २५० किलोमीटर जाणाऱ्या विमानाचा विरोध खोळींमुळें दहांत एक हिश्शानें कमी झाला. इंजिन तेंच ठेवलें तर वेग साधारण ९ किलोमीटरांनीं वाढेल. हा लाभ क्षुल्लक वाटेल, पण तोच वेग केवळ इंजिनाच्या जोरावर मिळवावयाचा तर १६० अश्वशक्तीच्या जागीं सुमारें १७८ अश्वशक्तीचें इंजिन हवें; त्याचें वजन अधिक, पेट्रोल अधिक, किंमत तर विचारूंच नये.

पायांच्या पोषाखाचा मुंबईच्या इतिहासाशींही संबंध आहे. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गें जुहूच्या विमानतळावर उतरले, तें 'पस मॉथ' जातीच्या विमानांतून. या विमानाच्या पायांवर जीं चपटीं आवरणें होतीं त्यांत एक गंमत होती. वैमानिकानें कळ फिरविली कीं आवरण काटकोनांत वळे. एरवीं त्याची धार वाऱ्याकडे असे व वारा निसटून जाई. वळल्यावर त्याची पाठ वाऱ्याकडे येई आणि तेंच आवरण विमानाचा वेग आवरण्यास लगामासारखें उपयोगी पडे. वस्तु तीच, जागा तीच. फक्त तोंड कोणीकडे, एवढ्यावर ती मित्र होणार कीं अडथळा हें ठरे. पुढें १९४२ सालीं ब्रह्मदेशच्या लढाईंत हिंदी हवाई दलाच्या पहिल्या स्क्वाड्रननें के. के. मजुमदार यांच्या हाताखालीं जीं 'लायसँडर' विमानें चालविलीं, त्यांच्या चाकांच्या खोळी तर एवढ्या मोठ्या कीं त्यांत मशीनगन आणि उतरण्याच्या वेळचे दिवे बसविलेले असत.

त्या काळच्या खोळी धातूच्या पत्र्याच्या. पत्रा दोन्ही अंगांनीं गोलावणें हें कसबी ठोकाऱ्याचें काम आहे, घरच्या माणसाचें नव्हे. कांचेच्या बारीक तंतूंचें कापड आणि राळ यांनीं ही अडचण दूर केली. वरळीच्या किनाऱ्यावर आतां ज्या फायबरच्या होड्या दिसतात त्यांचेंच हें द्रव्य. लालबाग-परळच्या कारखान्यांत सांचा पाहिलेल्या वाचकांस अधिक सांगावयास नको. सांच्यांत कापडाचे थर घालावयाचे, प्रत्येक थर राळेनें भिजवावयाचा, थरांत हवेचा बुडबुडा राहूं द्यावयाचा नाहीं, आणि घट्ट झाल्यावर काढून घ्यावयाचें. राळेंत हार्डनर नांवाचें दुसरें द्रव्य मोजून घालावें लागतें. दोन्हीं एकत्र झालीं कीं मिश्रण आपोआप तापूं लागतें. म्हणून तें वाटी-वाटीनें कालवावें. पातेलेंभर एकदम कालविलें तर हातांतल्या हातांत धुमसून दगड होतें. कानशीनें घासतांना जी धूळ उडते ती मात्र वाईट. ती कातडींत रुतून खाजवते आणि छातींत जाऊं देण्यासारखी तर मुळींच नाहीं. तोंडास चांगलें मुखावरण, हातांत मोजे, आणि त्या खोलींत पोरेंबाळें नकोत.

हा सर्व तपशील आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याकडून आम्हांस मिळाला. त्यानें अमेरिकेंत स्वतःच्या घराशेजारच्या मोटारखोलींत दोन आसनांचें विमान बांधावयास घेतल्यास आतां आठ वर्षें होत आलीं. त्याच्या मातोश्री येथें वरळींतच आमच्या मागच्या गल्लींत राहतात. विमान गतवर्षीं उडालें, तेंही खोळींवांचून. पहिलीं कांहीं उड्डाणें उघड्या पायांनींच करण्याची पद्धत आहे, म्हणजे चाकें, ब्रेक वगैरे दर वेळीं नीट तपासतां येतात. यंदाच्या उन्हाळ्यांत मातोश्री तिकडे जावयाच्या आहेत आणि त्यांना विमानांत बसवावयाचें असा मुलाचा बेत आहे. त्यामुळें आई रोज काळजींत. एके दिवशीं त्यांनीं आम्हांस विचारलें, "मास्तर, विमान उडतं म्हणतो. मग आतां हें त्याच्या पायांत काय घालीत बसलाय?" त्यांच्या समाधानासाठीं आम्हीं चिरंजीवांस पत्रानें प्रश्न विचारले, त्यानेंही शाळेंत दिलीं नव्हतीं इतकीं सविस्तर उत्तरें दिलीं.

खोळ बसवितांना पहिली अडचण अशी कीं विमान जमिनीवर उभें असतें आणि खोळ आकाशासाठीं बसवावयाची असते. विमानाचे पाय पोलादी, लवचीक. विमानाचें वजन पडलें कीं ते बाहेर फांकतात. हवेंत गेल्यावर वजन पंखांवर जातें व ते पुन्हां आंत येतात. जमिनीवर जी खोळ सरळ दिसेल ती हवेंत तिरपी होईल. म्हणून प्रथम विमान टेकूंवर उचलून चाकें अधांतरीं करावयाचीं. नंतर पाणसळ लावून तें लांबींत व रुंदींत अगदीं सम करावयाचें. मग नाकाच्या मध्यावरून एक ओळंबा आणि शेपटीच्या मध्यावरून दुसरा ओळंबा सोडावयाचा, दोन्हीं ठिपके जमिनीवर टिपावयाचे, आणि खडू लावलेल्या सुतळीनें त्यांतून एक रेघ मारावयाची. ही विमानाची मध्यरेषा. तिला समांतर अशा दोन रेघा दोन चाकांखालून. गवंडी भिंत घालतांना जें करतो तेंच हें, हत्यारेंही तींच. विमानाचें काम म्हणून आम्ही कांहीं अद्भुत यंत्रांची कल्पना करीत होतों, आणि पत्रांत वाचावयास मिळाला ओळंबा!

खोळ या रेघेशीं समांतर हवी, चाकाशीं नव्हे. चाक आंसावर किंचित् आंत-बाहेर वळलेलें असूं शकतें. त्याच्या धोरणानें खोळ लावली तर ती वाऱ्यांत तिरपी चालेल. खोळीची लांबी सुमारें ७५ सेंटिमीटर धरली तर शेपटीचें टोंक एक सेंटिमीटर सरकलें कीं पाऊण अंशाचा फरक पडतो. तेवढ्यानें काय होतें? खोळ ही मग खोळ राहत नाहीं, पोटाखालीं लावलेलें लहानसें सुकाणूं होते. विमान सतत एका बाजूस तोंड वळवूं लागतें, आणि वैमानिकास पायानें तें सारखें सांवरावें लागतें. 'पस मॉथ'ची कळ येथें आठवावी. तेथें आवरण मुद्दाम वळवीत. येथें तें नकळत वळलेलें राहतें.

दुसरी अडचण टायरची. खोळ चाकाला चिकटून बसली तर देखणी दिसेल, पण टायर वेगानें फिरतांना फुगतो, उतरतांना दबतो, वळतांना एका अंगास झुकतो. म्हणून टायरच्या माथ्यावर इंचभर जाडीचा लांकडी ठोकळा ठेवून त्यावर खोळ टेकवितात. काम झाल्यावर ठोकळा काढला कीं तेवढी मोकळी जागा उरते. खालचें भोंकही असें कापावयाचें कीं टायर कोठेंही घासूं नये, आणि कापावयाचें तें थोडें-थोडें, दर वेळीं बसवून पाहून. कापलेलें परत जोडतां येत नाहीं हें शिंप्यास सांगावें लागत नाहीं.

तिसरी गोष्ट आम्हांस फार आवडली. खोळ दोन भागांची असते, पुढचा व मागचा, आणि चाकाजवळच्या धातूच्या पट्टीवर ती स्क्रूनें बसते. पट्टीला भोंकें आधींच असतात; वर खोळ ठेवली कीं तीं झांकलीं जातात. मग नेमकें तेथेंच छिद्र कसें पाडावें? रंग देण्यापूर्वीं ही खोळ अर्धपारदर्शक असते. खोलींतला दिवा मालवावयाचा आणि आंतून विजेरीचा प्रकाश टाकावयाचा. पट्टींतलें भोंक खोळीवर चांदणीसारखें उमटतें. तेथें पेन्सिलीनें खूण करावयाची.

चाकापासून वर गेलेल्या दांड्याला निराळी, लांब, चपटी खोळ असते. ती मागच्या कडेस उघडी असते व दांड्याभोंवतीं गुंडाळून लांब बिजागरीनें मिटवितात. आणि दांडा जेथें चाकाच्या खोळींत शिरतो त्या कोनांत वारा अडकूं नये म्हणून तो सांधा भरून गोलसर करावा लागतो. याची तऱ्हा लालबागच्या मूर्तिकारास दाखविली तर तो हंसेल. मुलांच्या खेळण्यांतली माती घेऊन त्या कोपऱ्यांत भरावयाची, गोल चमच्यानें किंवा बोटानें ती खोलगट सारवावयाची, त्यावर राळेंत भिजविलेलें कांचकापड घालावयाचें, आणि घट्ट झाल्यावर आंतली माती काढून टाकावयाची. येथें शाडूचे गणपती करणारे हात जें करतात तेंच. आमच्या चिरंजीवांनीं लिहिलें आहे कीं या एका कामांत त्यांना आपल्या लहानपणीं घरीं केलेल्या गणपतीचा हात उपयोगीं पडला.

हें सारें वाचून दाखविलें तेव्हां मातोश्रींनीं एकच शंका काढली. "पावसांत चपलेखालीं चिखल बसतो, तसा त्या खोळींत बसणार नाहीं का?" आमच्या मतें आठ वर्षांच्या पत्रव्यवहारांत त्या मुलास इतका नेमका प्रश्न कोणी विचारला नसेल. चिखल बसतो, आणि चाक जाम करतो. दुसऱ्या महायुद्धांत रशियाच्या आघाडीवर जर्मनांच्या 'स्टुका' विमानांच्या खोळी याच कारणानें काढून ठेवाव्या लागल्या. गवताच्या ओल्या मैदानावरून उडावयाचें असेल तर खोळ काढून ठेवावी, हा नियम घरच्या विमानासही आहे. म्हणून तर ती स्क्रूनें बसवितात, चिकटवीत नाहींत. आमच्या विद्यार्थ्याचें मैदान डांबरी आहे हें ऐकून मातोश्री थोड्या निवांत झाल्या.

पण गेल्या महिन्याच्या पत्रांत निराळीच हकीकत आली. उजव्या बाजूच्या खोळीचीं सर्व भोंकें पाडून झालीं. रात्र झाली म्हणून त्यानें काम थांबविलें. सकाळीं सहज म्हणून रेघेपासून मोजलें तों मागचें टोंक एक सेंटिमीटर बाहेर! खोळ धरून ठेवलेली चिकटपट्टी भोंकें पाडतांना सरकली असावी, किंवा त्याचाच कोपर टेकला असावा. नुसत्या डोळ्यांस तें दिसत नव्हतें. त्यानें पत्नीला विचारलें, तिला दिसलें नाहीं. शेजारच्या अनुभवी विमानवाल्यास विचारलें, तो म्हणाला कीं असें पुष्कळांचें असतें, रंग दे आणि विसर. सुकाणूंला एक लहानशी पट्टी लावून विमान सरळ चालवितां येईल, हेंही त्यानें सांगितलें, आणि तें खोटें नाहीं. तसें केलेलीं विमानें सुखरूप उडतात. फक्त एक चूक दुसऱ्या अडथळ्यानें तोलून धरल्यावर जो वेग मिळविण्यासाठीं खोळ लावली, तोच थोडा परत जातो.

त्यानें भोंकें बुजविलीं. राळेंत कापसाचे बारीक तंतु कालवून तो लगदा भोंकांत भरला, आंतून कांचकापडाचा थर दिला, दोन दिवस सुकूं दिलें, घासलें, पुन्हां टेकू, पुन्हां पाणसळ, पुन्हां ओळंबा, पुन्हां दिवा मालवून चांदण्या पाहिल्या. चार संध्याकाळी गेल्या. आतां दोन्हीं बाजूंचीं मापें जुळतात असें तो लिहितो आणि मापांचा कागदच त्यानें पाठविला आहे. आम्हीं तो मातोश्रींस वाचून दाखविला. आंकड्यांचा अर्थ त्यांना सांगावा लागला, पण त्या लक्ष देऊन ऐकत होत्या. नंतर त्यांनीं विचारलें, "हें त्यानें आपणहून कळवलं, कीं तुम्ही विचारलंत?" आपणहून, असें आम्हीं सांगितलें. त्यावर त्या कांहीं बोलल्या नाहींत. कागद मात्र मागून घेतला आणि पारपत्राच्या पाकिटांत ठेवला.

आतां उरलें आहे तें एकच लहान काम. खोळ चढल्यावर चाकांत हवा भरण्याची नळी आंत दडते, आणि प्रत्येक वेळीं हवा भरण्यासाठीं सारी खोळ उतरविणें कोणास परवडेल? म्हणून बाजूस एक गोल भोंक पाडून त्यास झांकण लावतात. चाक फिरवून नळी त्या भोंकासमोर आणावयाची, हवा भरावयाची, झांकण बंद. झांकण पृष्ठभागाशीं अगदीं सपाट बसलें पाहिजे आणि हादऱ्यानें निसटतां कामा नये. तें कशाचें करावें याचा निश्चय अजून झालेला नाहीं. मातोश्रींचें तिकीट १२ मेचें आहे. त्यांनीं हळदीकुंकवाच्या जुन्या पितळी करंड्याचें झांकण माप घेऊन कळविलें आहे, व्यास चार सेंटिमीटर.